भाव सोडा, फरक सांगा

नागपुरात बाजार थंडावला की चित्र ठरलेलं असतं. मनीषनगरातल्या गॅलरीवर लावलेला ‘विकणे आहे’चा बोर्ड वर्षभराच्या उन्हात पांढरा पडतो. बेसा-बेलतरोडीकडच्या प्लॉटवर गाजरगवत कमरेएवढं होतं. दोन्ही मालकांच्या तोंडी एकच वाक्य असतं, “पाहाले लोक येतात भाऊ, पैसा कोनापाशी नाही.” नोव्हेंबर २०१६ च्या नोटबंदीनंतर हे ऐकू आलं, लगेच २०१७ मध्ये महारेरा आणि जीएसटी आल्यावर ऐकू आलं, २०२० मध्ये पुन्हा ऐकू आलं. त्या वर्षी सरकारने १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर मुद्रांक शुल्क तीन टक्क्यांनी आणि मार्च २०२१ पर्यंत दोन टक्क्यांनी कमी केलं, तेव्हा ज्यांच्या हाती पैसा होता त्यांनी रजिस्ट्री ऑफिससमोर रांगा लावल्या. ज्यांच्याकडे नुसती मालमत्ता होती, ते तसेच बसून राहिले.

गंमत अशी की फ्लॅटवाल्याला बऱ्याचदा प्लॉटच हवा असतो आणि प्लॉटवाल्याला फ्लॅट. दोघेही रोख गिऱ्हाईक शोधतात, ते मिळालं की त्या पैशातून दुसरं घ्यायचं, असा बेत. रोख हा मधला टप्पा काढून टाकला तर सौदा आजच होऊ शकतो. कायद्यात याला जागा आहे. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम १८८२ च्या कलम ११८ मध्ये ‘अदलाबदल’ हा विक्रीसारखाच स्वतंत्र व्यवहार आहे. वरून काही रक्कम द्यावी लागली तरी ती अदलाबदलच राहते. फक्त एका बाजूला निव्वळ पैसा नको, तसं झालं तर ती विक्री.

कागदाआधी भावाचं बोलू, कारण बहुतेक अदलाबदली तिथेच मोडतात.

मंदीत प्रत्येक जण आपल्या मालाचा भाव तीन-चार वर्षांपूर्वीच्या तेजीतला सांगतो. अदलाबदलीत याने फारसं बिघडत नाही, असं वाटतं. समजा फ्लॅट खरा ५५ लाखांचा आणि प्लॉट खरा ४० लाखांचा. फ्लॅटवाला ६५ म्हणाला, प्लॉटवाला ५० म्हणाला. फरक दोन्हीकडून १५ लाखच. दोघांचाही मान राहिला, सौदा झाला. पण माणसं अशी सारखी रक्कम चढवत नाहीत, टक्क्यात चढवतात. दोघांनी वीस-वीस टक्के फुगवले तर फ्लॅट ६६ आणि प्लॉट ४८. फरक १८ लाख झाला. दोघांनी सारखीच थाप मारली, तरी ज्याचा माल महाग त्याला तीन लाख जास्त मिळाले. म्हणून लहान मालमत्तेच्या मालकाने टक्केवारीच्या गप्पांत जाऊच नये. त्याने फक्त फरक बोलावा.

फरक काढायची एक साधी रीत आहे. दोघांनी वेगवेगळ्या चिठ्ठीवर आकडा लिहायचा, पण स्वतःच्या नव्हे, समोरच्याच्या मालमत्तेचा. ‘एका महिन्यात रोख देऊन घ्यायची झाली, तर मी हिचे किती देईन?’ एवढंच. विकणारा वर ओढतो आणि घेणारा खाली ओढतो, त्यामुळे दोन्ही आकडे खालीच येतात आणि एकाच मापाने येतात. त्या दोन आकड्यांतला फरक हा खऱ्या बाजाराच्या जवळचा असतो. त्यावर मग रजिस्ट्रीचे ताजे आकडे पडताळायचे. नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर त्या मौज्यातल्या अलीकडच्या दस्तांची सूची क्रमांक दोन, म्हणजे दस्ताचा गोषवारा, काढता येते. दलाल सांगतो तो भाव आणि सूचीतला आकडा यांत तफावत असेल, तर तीही समजून घ्यावी, कारण पुढे सरकार सूचीतल्या आकड्याच्याच भाषेत बोलणार आहे.

क्षेत्रफळाची भाषाही आधी एक करून घ्या. फ्लॅटवाला सुपर बिल्टअप, म्हणजे भिंती, जिना, लॉबीचा वाटा धरून बोलतो, प्लॉटवाला कागदावरचे चौरस फूट बोलतो. फ्लॅट कार्पेटवर, म्हणजे आतल्या वापराच्या जागेवर मोजावा, आणि प्लॉटची भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून घ्यावी. कागदावर १,५०० चौरस फूट असलेला प्लॉट रस्त्याच्या रुंदीकरणात गेलेली पट्टी वगळून कमी भरू शकतो. नागपुरात बरेच फ्लॅट सोसायटीत नसून १९७० च्या अपार्टमेंट मालकी कायद्याखाली असतात. तिथे तुमच्या वाट्याला जमिनीतला किती टक्के अविभक्त हिस्सा आला, हे घोषणापत्रात लिहिलेलं असतं. जुनी इमारत असेल तर किंमत त्या टक्क्यातच आहे, टाइल्समध्ये नाही.

शुल्क कुठे वाचतं

महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमाच्या अनुसूचीत अदलाबदलीसाठी अनुच्छेद ३२ आहे. त्यात शुल्काचा दर विक्रीपत्रासारखाच, पण तो दोन्हींपैकी जास्त बाजारमूल्याच्या मालमत्तेवरच लागतो. वरचंच उदाहरण घ्या. दोन स्वतंत्र विक्रीपत्रं केली तर मूळ ५ टक्क्यांनी ५५ लाखांवर २ लाख ७५ हजार आणि ४० लाखांवर २ लाख, मिळून ४ लाख ७५ हजार. एकच अदलाबदलपत्र केलं तर फक्त २ लाख ७५ हजार. सरळ दोन लाखांची बचत, आणि तीही बाजार पडलेला असताना.

आता बारकावे. शहरात मूळ शुल्कावर अधिभार चढतात, आणि प्रत्येक अधिभार प्रत्येक प्रकारच्या दस्ताला लागतोच असं धरून चालू नये. अंदाजाने चलन काढण्यापेक्षा मसुदा तयार करून मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे अभिनिर्णयासाठी टाकावा. शुल्क किती, हे ते लेखी ठरवून देतात आणि पुढे कमी शुल्काची नोटीस येण्याची भीती बरीच कमी होते. बाजारमूल्य म्हणजे वार्षिक दर तक्त्याने, अर्थात रेडी रेकनरने निघालेला आकडा किंवा दस्तात लिहिलेला, यांतला जो जास्त तो. त्यामुळे दस्तात दोन्ही मालमत्तांचे आकडे स्वतंत्र लिहा. ‘समान मूल्याच्या मालमत्ता’ असं मोघम लिहून मोकळं होऊ नका. नोंदणी फी एक टक्का, कमाल ३०,००० रुपये. शुल्क कोणी भरायचं, यावर करार गप्प असेल तर कायदा निम्मं-निम्मं सांगतो. फरक ठरवतानाच हेही ठरवून टाका, नाहीतर रजिस्ट्रीच्या दिवशी सव्वा-दीड लाखासाठी तोंडं फिरतात.

दोन मालमत्ता वेगवेगळ्या गावी असल्या, समजा एक नागपुरात आणि दुसरी वर्ध्याला, तरी दस्त दोनदा करावा लागत नाही. ज्याच्या हद्दीत मालमत्तेचा काही भाग येतो, अशा कोणत्याही दुय्यम निबंधकाकडे नोंदणी होते आणि तिथून दुसऱ्या कार्यालयाला ज्ञापन, म्हणजे दस्ताची लेखी सूचना, जातं. ते पोहोचलं की नाही, हे मात्र स्वतः जाऊन पाहावं.

कर्ज असेल तर

फ्लॅटवर १८ लाखांचं गृहकर्ज बाकी आहे, प्लॉट मोकळा आहे. मग हिशेब असा: फ्लॅटवाल्याचा फ्लॅटमधला स्वतःचा हिस्सा ५५ वजा १८, म्हणजे ३७ लाख. प्लॉटवाल्याचे पूर्ण ४० लाख. फ्लॅट कर्जासकट प्लॉटवाल्याकडे गेला, तर उलट फ्लॅटवाल्यालाच तीन लाख वर द्यावे लागतात. पुष्कळांचा इथे गोंधळ होतो. मोठी मालमत्ता देणारा पैसे कसा देईल, असं त्यांना वाटतं.

आपल्याकडे बँका जुनं कर्ज जसंच्या तसं दुसऱ्याच्या नावावर करून देत नाहीत. त्यामुळे प्लॉटवाला फ्लॅटवर स्वतःचं नवं १८ लाखांचं कर्ज मंजूर करून घेतो आणि नवी बँक धनाकर्ष थेट जुन्या बँकेच्या नावे काढते. क्रम असा ठेवावा: जुन्या बँकेकडून कर्जफेडीचं पत्र आणि त्यांच्या ताब्यातल्या मूळ कागदांची यादी, नव्या बँकेच्या वकिलाचा मालकीबद्दलचा शोध अहवाल, मग दस्त, आणि त्याच दिवशी धनाकर्ष. फेडीच्या पत्राला तारीख असते. ती उलटली की व्याजाचे दोन-चार हजार वाढतात आणि तेवढ्यासाठी सगळं पुन्हा अडतं, म्हणून दहा दिवसांचं व्याज जास्तीचं धरून रक्कम मागावी. वैयक्तिक कर्जदाराच्या बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड लागत नाही. पूर्ण फेड झाल्यावर ३० दिवसांत मूळ कागद परत द्यायचे, बँकेच्या चुकीने उशीर झाल्यास रोज ५,००० रुपये भरपाई, हा रिझर्व्ह बँकेचा नियम १ डिसेंबर २०२३ पासून आहे. तो शाखेत छापील नेऊन दाखवलेला बरा.

यात खरी अडचण असते ती बँकेच्या छापील नमुन्यांची. त्यांना विक्रीपत्र माहीत असतं, अदलाबदलपत्र पाहून अधिकारी फाइल वर पाठवतो आणि ती वरच राहते. म्हणून कर्जाचा अर्ज करण्याआधी बँकेच्या पॅनेलवरच्या वकिलाला मसुदा दाखवा. बँक दोन विक्रीपत्रांवरच अडून बसली तर तो दोन लाखांचा जादा खर्च फरकात धरा किंवा बँक बदला. सौद्यावर पाणी सोडण्याइतकी ही रक्कम मोठी नाही, पण ती कोणाच्या खिशातून जाणार हे आधी ठरलेलं हवं.

कर, आणि इंटरनेटवरचे अमेरिकन व्हिडिओ

अमेरिकेत कलम १०३१ खाली गुंतवणुकीची मालमत्ता दुसऱ्या मालमत्तेशी बदलली तर नफ्यावरचा कर पुढे ढकलता येतो. पर्यायी मालमत्ता ४५ दिवसांत निवडायची आणि १८० दिवसांत ताब्यात घ्यायची. हे व्हिडिओ पाहून नागपुरातही कोणी म्हणतं, की पैसाच हातात आला नाही तर कर कशाचा? आपल्या आयकर कायद्यात ‘हस्तांतरण’ या शब्दातच अदलाबदल येते. पैसा न पाहताही भांडवली नफा होतो, आणि दोघांनाही होतो.

फ्लॅट २०१२-१३ मध्ये २२ लाखांना घेतला होता, २०२५-२६ मध्ये अदलाबदलीत ५५ लाखांना गेला असं धरू. साधा नफा ३३ लाख, १२.५ टक्क्यांनी कर ४ लाख १२ हजार ५००. पण २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेल्या मालमत्तेला व्यक्ती आणि हिंदू अविभक्त कुटुंबासाठी जुना पर्यायही आहे, म्हणजे खरेदीची किंमत महागाई निर्देशांकाने वाढवून धरायची आणि उरलेल्या नफ्यावर २० टक्के भरायचे. निर्देशांक २०१२-१३ मध्ये २०० होता, २०२५-२६ चा ३७६. २२ लाखांचे झाले ४१ लाख ३६ हजार, नफा उरला १३ लाख ६४ हजार, २० टक्क्यांनी कर २ लाख ७२ हजार ८००. उपकर दोन्हीकडे वेगळा. जुना पर्याय इथे स्वस्त पडला, पण १९९५ च्या प्लॉटला आणि २०२१ च्या फ्लॅटला तेच उत्तर येईल असं नाही. दोन्ही हिशेब करून पाहावेत.

पुढचा खड्डा सूटीचा. घर देऊन घर घेतलं तर १९६१ च्या कायद्यातल्या कलम ५४ ची सूट लागू शकते. ‘खरेदी’त पैशांऐवजी दिलेला मोबदलाही येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७९ मध्येच सांगून ठेवलंय. पण आपल्या उदाहरणातला फ्लॅटवाला घर देऊन रिकामा प्लॉट घेतोय. रिकामा प्लॉट म्हणजे घर नव्हे. तीन वर्षांत त्यावर घर बांधलं तरच सूट, नाहीतर कर. प्लॉटवाला मात्र सुटतो. तो ४० लाखांची घर नसलेली मालमत्ता देऊन ५५ लाखांचं घर घेतोय, त्याला कलम ५४एफची सूट मिळते. अट ही की त्या दिवशी त्याच्या नावे आणखी एकापेक्षा जास्त घरं नसावीत. म्हणजे एकाच दस्तात एकाला शून्य कर आणि दुसऱ्याला पावणेतीन लाख. हे माहीत असलेला फ्लॅटवाला फरकाच्या बोलणीत ते मांडतो, माहीत नसलेला पुढच्या जुलैत सीएच्या खुर्चीत बसून डोकं धरतो. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा आयकर कायदा लागू असल्याने कलमांचे क्रमांक बदललेत. सीएकडे जाताना क्रमांकापेक्षा प्रश्न घेऊन जा.

रेडी रेकनरचा आकडा दस्तातल्या आकड्यापेक्षा दहा टक्क्यांहून जास्त वर असेल तर कर रेकनरच्या आकड्यावर बसतो. मूल्य ५० लाख किंवा त्यावर असेल तर खरेदीदाराने एक टक्का टीडीएस कापायचा असतो. अदलाबदलीत दोघेही खरेदीदार असल्यामुळे ५० लाख किंवा त्यावरची मालमत्ता घेणाऱ्याने तो भरून टाकलेला बरा. कापायला रोख नाही ही सबब नंतर कोणी ऐकत नाही. आणि फरकाची रक्कम बँकेतूनच द्या. स्थावर मालमत्तेच्या सौद्यात २०,००० रुपये किंवा त्याहून जास्त रोख घेतली तर घेणाऱ्याला तेवढाच दंड लागू शकतो.

नागपुरी कागद

प्लॉट कोणत्या जातीचा आहे, हे नागपुरात पहिलं विचारायचं. शहराभोवतीचे पुष्कळ लेआऊट शेतीवर पाडलेले, मग गुंठेवारी कायदा २००१ खाली नियमित केलेले. ५७२ आणि १,९०० लेआऊट, म्हणजे नियमित करायला घेतलेल्या अशा लेआऊटच्या दोन तुकड्या, हे शब्द इथल्या प्रत्येक दलालाच्या तोंडी असतात. पाहायचं ते नियमितीकरण पत्र, म्हणजे ‘आरएल’. ‘आरएलसाठी अर्ज केलाय’ आणि ‘आरएल आलंय’ यांच्यात बँकेच्या कर्जाचं आणि बांधकाम परवानगीचं अंतर आहे. अर्जाची पावती दाखवणाऱ्याच्या प्लॉटचा भाव आरएलवाल्या प्लॉटच्या रांगेत बसवू नका. नियमितीकरणाच्या पैशांची डिमांड निघालेली असून भरलेली नसेल, तर ती रक्कम फरकातून वजा करा.

नागपूर सुधार प्रन्यासचा भाडेपट्ट्याचा प्लॉट असेल तर हस्तांतराची परवानगी लागते आणि पट्ट्याची मुदत कधी संपतेय, हेही पाहावं लागतं. धरमपेठ, सिव्हिल लाइन्सकडे नझूल, म्हणजे सरकारी जमीन निघाली तर आखीव पत्रिकेवरची (प्रॉपर्टी कार्डावरची) धारणा बघा. सत्ताप्रकार नीट वाचल्याशिवाय नुसत्या पत्त्याच्या मोहात पडू नये. गृहनिर्माण संस्थेच्या जुन्या लेआऊटमध्ये एकच प्लॉट दोघांच्या नावे केलेला असू शकतो, म्हणून संस्थेच्या पत्रावर न थांबता खसरा नंबर आणि प्लॉट नंबर दोन्ही टाकून ३० वर्षांचा शोध घ्यावा. वडिलोपार्जित असेल तर बहिणींच्या सह्या. अल्पवयीन मुलाचा हिस्सा असेल तर न्यायालयाची परवानगी, ती विक्रीइतकीच अदलाबदलीलाही लागते.

शेत मधे आलं की वेगळाच कायदा. विदर्भाला १९५८ चा स्वतंत्र कुळवहिवाट अधिनियम आहे आणि त्याच्या कलम ८९ मध्ये विक्रीबरोबर अदलाबदलही येते. म्हणजे उमरेड रोडचं शेत घेऊन फ्लॅट देणारा स्वतः शेतकरी नसेल, तर जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय तो सौदा टिकत नाही. दोन्ही बाजूंना शेतकरीच असतील, एकाचं शेत दुसऱ्याच्या वहिवाटीत आणि दुसऱ्याचं पहिल्याच्या, असं निदान बारा वर्षं चाललेलं असेल, तर २०२३ मध्ये आलेली सलोखा योजना त्यांच्यासाठीच आहे. मुद्रांक शुल्क १,००० आणि नोंदणी फी १,०००. योजना मुदतीची आहे, तहसीलमध्ये ती चालू असल्याची खात्री करून मगच पटवाऱ्याकडे पंचनाम्याला जावं.

तिघांची साखळी

दोघांचं जुळत नाही तेव्हा तिसरा शोधावा लागतो, आणि खरा कस इथे आहे. अ-चा धरमपेठेत ७० लाखांचा फ्लॅट, त्याला बेसाला घर हवं. ब-चं बेसाला ६५ लाखांचं घर, त्याला इतवारीत दुकान हवं. क-चं इतवारीत ६० लाखांचं दुकान, त्याला धरमपेठेत फ्लॅट हवा. कलम ११८ ‘दोन व्यक्तीं’बद्दल बोलतं, त्यामुळे तिघांचं एकच अदलाबदलपत्र करण्यापेक्षा दोन करावीत, मधला माणूस अर्ध्या तासासाठी नको असलेली मालमत्ता हातात धरतो.

मधला कोण, यावर शुल्क ठरतं. ब-ला मधे घेतलं तर आधी तो अ-शी बदलून फ्लॅट घेतो, मग तोच फ्लॅट क-ला देऊन दुकान घेतो. दोन्ही दस्तांत ७० लाखांचा फ्लॅट आहे, म्हणून शुल्क १४० लाखांवर, ५ टक्क्यांनी सात लाख. अ-ला मधे घेतलं तर तो आधी फ्लॅट देऊन दुकान घेतो, दस्त ७० लाखांचा. मग दुकान ब-ला देऊन घर घेतो, दस्त ६५ लाखांचा. १३५ लाखांवर ६ लाख ७५ हजार. तीन विक्रीपत्रं केली असती तर १९५ लाखांवर ९ लाख ७५ हजार. सगळ्यात महाग मालमत्ता एकदाच फिरवायची, बाकी आपोआप जमतं.

धोका मधल्याला. पहिला दस्त झाला आणि दुसऱ्याच्या वेळी ब-चा मुलगा म्हणाला आम्हाला विचार करायचाय, तर अ-च्या हाती इतवारीचं दुकान पडलं. म्हणून आधी तिघांचा एक नोंदवलेला करार, त्यात दोन्ही दस्तांचे मसुदे जोडलेले, आणि दोन्ही दस्त एकाच दिवशी, एकाच कार्यालयात, लागोपाठ क्रमांकाने. टोकन घेताना दोन्ही टोकन एकदमच घ्या. सर्व्हर बंद पडणं हा नागपुरी उन्हाळ्याइतकाच नेमाने येणारा प्रकार आहे.

बिलाऐवजी फ्लॅट

मंदीत बिल्डर लोखंड-सिमेंटवाल्याला पैशांऐवजी फ्लॅट देऊ करतो. पुरवठादाराला वाटतं, बुडण्यापेक्षा बरं. पण जीएसटीत वस्तुविनिमयही पुरवठाच आहे. ४० लाखांच्या लोखंडावर १८ टक्क्यांनी ७ लाख २० हजार कर होतो, आणि तो सरकारला पैशातच जातो, फ्लॅटचा तुकडा कापून देता येत नाही. म्हणून बिलाची मूळ रक्कम फ्लॅटमध्ये आणि कराची रक्कम बँकेतून, अशी वाटणी सुरुवातीलाच मागावी. सिमेंटवरचा दर २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ वर आलाय, तेवढा बोजा हलका. उलट बाजूने, बांधकाम चालू असलेल्या सर्वसाधारण फ्लॅटवर ५ टक्के जीएसटी पुरवठादाराने द्यायचा. पूर्णत्वाचा दाखला मिळालेला, तयार फ्लॅट मागितला तर तो वाचतो.

वाटपपत्रावर समाधान मानणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. नोंदवलेला विक्री करारनामाच हवा, आणि त्यात मोबदला कसा मिळाला हे बिल क्रमांक आणि तारखांसह लिहिलेलं हवं. तसं नसेल तर उद्या वाद झाल्यावर तुम्ही घरखरेदीदार की उधारी अडकलेला व्यापारी, हाच प्रश्न आधी उभा राहतो. दिवाळखोरीत दोघांच्या रांगा वेगळ्या आहेत, आणि २०१८ पासून घरखरेदीदार वित्तीय धनकोंमध्ये, म्हणजे बँकांच्या रांगेत मोडतो. महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचं कर्ज पाहा. तो फ्लॅट बँकेकडे गहाण असेल तर बँकेचं ना-हरकत पत्र दस्ताला जोडलेलं असल्याशिवाय बिल मिटवलं असं लिहून देऊ नका.

बयाण्याविना सौदा

विक्रीत बयाणा दिला की घेणारा बांधला जातो. अदलाबदलीत कोणी कोणाला बयाणा देत नाही, त्यामुळे दोघेही मोकळे असतात आणि यातला जो आधी रोख गिऱ्हाईक पाहतो तो पळतो. उपाय असा की सौदाचिठ्ठीऐवजी नोंदवलेला करार करावा. त्यात दोन्ही बाजूंच्या अटी, म्हणजे कर्जाची मंजुरी, आरएल, शोध अहवाल, मराठी दैनिकातली जाहीर नोटीस, या कोणत्या तारखेपर्यंत पूर्ण व्हायच्या ते लिहावं. मागे हटणाऱ्याने किती भरपाई द्यायची ती वाजवी रक्कमही लिहावी. वाजवी म्हणजे झालेला खर्च आणि थोडं वर. पंचवीस लाख लिहिले म्हणून न्यायालय पंचवीस लाख देत नाही.

मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाचं कलम ११९ दोघांनीही वाचावं. तुम्हाला मिळालेल्या मालमत्तेच्या मालकीत खोट निघून ती हातची गेली, तर भरपाई किंवा तुमची जुनी मालमत्ता परत मागता येते. पण परत मिळते ती समोरच्याकडे, त्याच्या वारसाकडे किंवा फुकट घेतलेल्याकडे अजून असेल तेव्हाच. त्याने ती मधे तिसऱ्याला विकली असेल तर भरपाईच्या मागे धावावं लागतं. म्हणून समोरच्याची पत बघणं आणि दस्तात नुकसानभरपाईची हमी घेणं, हे शोध अहवाल स्वच्छ असला तरी सोडू नये. फरकाची काही रक्कम हप्त्याने ठरली असेल, तर ती बाकी दस्तात लिहा. कलम १२० मुळे मालमत्ता देणाऱ्याला विक्रेत्याचे हक्क मिळतात, आणि न मिळालेल्या रकमेसाठी मालमत्तेवर बोजा राहतो. ‘पूर्ण मोबदला मिळाला’ असं लिहून हप्ते तोंडी ठेवणारे लोक हा हक्क स्वतःच्या सहीने घालवतात.

दलालीचंही आधी बोला. अदलाबदलीत दोन दलाल आणि दोन मालमत्ता असतात, आणि प्रत्येक दलाल दोन्ही मालमत्तांवर टक्का धरायला बघतो. एकरकमी ठरवा, निम्मी करारावर, निम्मी ताब्यावर.

ताबा एकाच दिवशी. प्लॉट द्यायला कुंपणाची किल्ली पुरते, फ्लॅट रिकामा करायला आठवडा लागतो, आणि घरात आजी आजारी असली तर महिना. तेवढ्या दिवसांसाठी लिव्ह अँड लायसन्सचा करार करून घ्या, रोजचा दंड लिहून घ्या. जुन्या घरमालकाला ‘राहा हो’ असं तोंडी म्हणू नका. त्याच दिवशी वीज मीटर आणि पाण्याचं रीडिंग मोबाइलमध्ये टिपून घ्या, मालमत्ता कराची त्या वर्षाची पावती आणि देखभाल खर्चाचा ना-देय दाखला हातात घ्या.

दस्तानंतर प्लॉटवाल्याने फ्लॅटच्या मालमत्ता कराच्या नोंदीत नाव बदलायला लगेच अर्ज द्यावा. जमिनीच्या फेरफारासाठी पटवारी नोटीस काढतो आणि हरकतीला १५ दिवस मिळतात. अदलाबदलीत फेरफार दोन असतात, आपलंच होऊन दुसऱ्याचं राहिलं तरी पुढच्या शोध अहवालात ती गाठ दोघांच्याही मालमत्तेवर दिसते. म्हणून दोन्ही अर्ज एकत्रच द्या आणि दोन्ही पोच एकाच फाइलमध्ये लावा.